झोंबलं नाही तर औषध कसलं?

आमच्या घरी किस्से साठतात ते फ्रीजमधल्या वाट्यांसारखे. आज संपवून टाकू म्हणावं, तर संध्याकाळी आणखी एक वाटी येते! त्याला कारण आमचे हे. वसईतल्या एका औषध कंपनीत इंजेक्शनं तयार करायचा यांचा विभाग. हाताखाली दोघं, सांडोरचे फ्रान्सिसभाऊ आणि जूचंद्रची दीपाली. कित्येक वर्षं तिघं एकाच इंजेक्शनाच्या मागे लागलेली. दुखणं थांबवणारं, कातडीखाली द्यायचं इंजेक्शन. ते देताना आग होऊ नये, एवढंच!

ऐकायला सोपं वाटतं. पण ते औषध पाण्यात विरघळायला आंबटपणा लागतो, आणि तोच कातडीखाली झोंबतो. आंबटपणा कमी केला की औषध तळाशी बसतं आणि हे डोक्याला हात लावून बसतात.

आणि ते इंजेक्शन लागतं कोणाला? आमच्याच सासूबाईंना. मणक्याच्या दुखण्याने त्या खाटेला खिळल्या. फ्रान्सिसभाऊंची मुलगी रोझी नर्स आहे, ती घरी येऊन टोचायची. सुई गेली की आई कळवळायच्या. कधीकधी "दुखू दे, पण ती आग नको" म्हणत रोझीचा हात झटकायच्या. मग दिवसभर कूसही बदलता यायची नाही.

मला विज्ञानातलं काय कळणार? मी निर्मळच्या देवळात जाऊन नवस बोलून आले, "आईंच्या इंजेक्शनाची आग थांबेपर्यंत सुकेळी तोंडात घालणार नाही."

राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली ती मधाच्या रंगाची सुकेळी! वसईत राहून ती सोडणं म्हणजे काय, ते वसईकरालाच विचारा.

*

फ्रान्सिसभाऊंच्या वाडीतली सुकेळी दर वर्षी आमच्याकडे येतात. नवसाचं कळल्यावर ते पुडकं हातात धरून दारातच थबकले.

"वहिनी, आमचा उपवासकाळ निदान ईस्टरला संपतो. तुमचा कधी?"

"तुमच्या सरांना विचारा," मी म्हटलं.

यांनी लगेच वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

आतून आईंचा आवाज आला, "फ्रान्सिस, आण ते इकडे! तिच्या वाटचं मी खाते. नवसाचं पुण्य तिला, सुकेळी मला!"

*

यांना घरातही लॅब दिसते. एकदा पाहुण्यांसाठी सोलकढी केली होती. सगळे भुरके मारताहेत आणि हे वाटी उजेडाकडे धरून डोळे बारीक करताहेत.

"काय झालं हो?" मला वाटलं केस निघाला.

"थर बसतोय. स्थिर नाहीये."

"अहो, प्यायची आहे ती. दोन वर्षं कपाटात ठेवायची नाहीये!"

*

एका खंडेनवमीला मी म्हटलं, तुमच्या त्या औषधाची बाटली आणा, पूजेत ठेवते. "बाटली लॅबच्या बाहेर निघत नाही," हे म्हणाले. मग यांच्या बॅगेत लॅबचा चष्मा सापडला. मी त्याचीच पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, सगळं यथासांग.

दसऱ्यानंतर हे घाईघाईत तोच चष्मा चढवून लॅबच्या दारात उभे. दीपाली किंचाळली, "सर, डोळ्यांभोवती केवढं लाल झालंय! रिॲक्शन आली!"

फ्रान्सिसभाऊंनी जवळ जाऊन वास घेतला आणि म्हणाले, "घाबरू नको. ही वहिनींची आली आहे."

*

एक गंमत अजून सांगायची राहिली. दुसऱ्यांना टोचायचं औषध करणारे आमचे हे स्वतः सुईला भितात! अंगणात खिळा पायात गेला, तेव्हा रोझी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आली. यांनी खुर्चीत बसून तिला व्याख्यान दिलं. औषध थंडगार नको, घाई नको, कातडी कोरडी होऊ दे. रोझीने सगळं शांतपणे ऐकलं आणि सुईचं टोपण काढलं. हे एकदम गप्प. चेहरा पांढराफटक!

"बोला ना सर," रोझी म्हणाली, "आत्ताच तर ऐकायची वेळ आली!"

*

शेवटी एकदाचं कमी आंबट आणि तरीही तळाशी न बसणारं औषध जमलं. परवानगी मिळाल्यावर हे नवं औषध आणि जुनं औषध माणसांना टोचून पाहायचं ठरलं. कुठलं कोणतं ते टोचून घेणाऱ्याला सांगायचं नाही. त्याने फक्त किती झोंबलं त्याचा आकडा सांगायचा, शून्य ते दहा.

एक निवृत्त मास्तर आले होते. एका इंजेक्शनाला त्यांनी नऊ दिले, दुसऱ्याला एक. नंतर पाहतात तर नऊ मिळालेलं नेमकं नवं औषध! हे त्या दिवशी घरी आले ते जेवलेच नाहीत. आईंच्या खाटेशी नुसते बसून राहिले. मी देवाला म्हटलं, सुकेळ्यांच्या जोडीला चहापण सोडू का?

पुढच्या खेपेला दीपालीने मास्तरांना विचारलं, "सर, एवढं झोंबलं होतं का हो ते?"

"छे! मुळीच नाही. म्हणून तर नऊ मार्क दिले. दुसरं मात्र सपशेल नापास!"

"मग दहा का नाही दिले?"

"पैकीच्या पैकी मी कोणालाच देत नाही."

*

तर सगळ्या परीक्षा होऊन, सरकारी शिक्का लागून ते औषध बाजारात आलं आणि डॉक्टरांनी आईंना लिहून दिलं.

रोझीने सुई भरली. हे दाराची चौकट धरून उभे. फोनवर दीपाली, "झालं का? झालं का?" आईंनी डोळे गच्च मिटले, माझा हात धरला आणि रामरक्षा सुरू केली.

"झालं आजी," रोझी म्हणाली.

आईंनी एक डोळा उघडला. "काय झालं?"

"इंजेक्शन."

"कधी?"

"आत्ताच की!"

"रोझी, तुझ्या येशूची शपथ घे."

रोझीने छातीवर क्रूसाची खूण केली. आई यांच्याकडे वळल्या. "मधू, तुमची कंपनी पाणी भरून विकायला लागली की काय रे? झोंबलं नाही तर औषध कसलं?"

यांना हसावं की रडावं कळेना. डोळे पुसत हे गॅलरीत निघून गेले.

मी स्वयंपाकघरात कुकर लावला. दुसरी शिट्टी झाली आणि पाठीमागे डब्याचं झाकण वाजलं. वळून पाहते तर ओट्याशी आई! धरायला कोणी नाही, काठी नाही. हातात सुकेळ्यांचा डबा.

त्यांनी एक सुकेळं माझ्या तोंडात कोंबलं.

"खा. आग थांबली, तुझा नवस फिटला. आता मधूला म्हणावं, आग काढलीस ते बरं केलंस. पुढच्या वेळी निदान त्यात औषध तरी घाल!"