भिंतीवरच्या बाईचा हात

"एकावर थांबणार म्हणजे? हे कोण ठरवतं?"

"मी ठरवते, बाबा. पोट माझं आहे."

"पोट! ऐका हिचं! आम्ही नऊ भावंडं एका खोलीत झोपलो. कुणी पोटाची भाषा केली नाही!"

"आजीला कुणी विचारलं असतं, तर तिने केली असती."

पेंटरने ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात असा आपटला, की लेकीच्या बॅगेवर शिंतोडे उडाले. थोरली लेक दोन दिवसांसाठी आली होती, दुपारच्या गाडीने परत कामावर निघणार होती. तिला एकच मुलगी, सहा वर्षांची. जाण्याआधी दुसऱ्या मुलाचा शब्द देऊन जा, असा पेंटरने सकाळपासून धोशा लावला होता.

आणि भिंतीभिंतींवर 'लहान कुटुंब' रंगवत तीस वर्षं हिंडलेला माणूस हाच! आई, बाप, दोन मुलं, वर पिवळाजर्द सूर्य. घरी स्वतःची सहा. सहावं झालं तेव्हा हा दवाखान्याच्या भिंतीला शिडी लावून उभा. कामाचा पक्का, पण हात काढणं त्याला कधी जमलं नाही. बोटं काढायला जावं, तर केळ्यांचा घड व्हायचा. मग त्याने चित्रातल्या बाईला उघडं पुस्तक धरायला दिलं. बोटं झाकली, काम भागलं. पुढे सगळ्या भिंतींवर तेच पुस्तक.

"अक्षरं यायच्या आधीपासून मी तुमच्या भिंतीवरची ती बाई बघतेय," लेक म्हणाली. "शाळेसमोरच होती. पोरं आपली खेळतायत आणि बाई निवांत वाचतेय. कडेवर धाकट्याला घेऊन मी तिच्याकडे बघत राहायचे. गल्लीतल्या सगळ्याच पोरी बघायच्या."

"अगं ए शहाणे, बोटं जमत नव्हती म्हणून दिलं ते पुस्तक!"

"असेल. आम्ही कुठे बोटं मोजत होतो?"

"चित्र बघून कुणी पोरं थांबवतं का?"

"मग तीस वर्षं कशाला रंगवत होतात?"

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला.

"चित्रात दोन होती! एक नव्हतं!" पेंटर ओरडला.

"आणि घरात सहा. बाबा, एवढंच सांगा. सहाव्या वेळी आईला विचारलं होतंत?"

आई ओल्या हातांनी बाहेरच्या दारात येऊन उभी राहिली. तिलाही ऐकायचं होतं.

पेंटरने शिडी खांद्यावर घेतली. आई बाजूला झाली नाही. त्याने शिडी तिथेच भिंतीला टेकवली, अंग चोरून तिच्याजवळून निघाला आणि नुसता डबा घेऊन रस्त्याला लागला.