न सुटलेली फैर

"सर, ते माइन्स पेरताहेत. आता थांबलो तर ठाणे गेले," कॅप्टन माझ्या कानाशी पुटपुटला. पलीकडे भरमाचे बोट एलएमजीच्या, म्हणजे हलक्या मशीनगनच्या, घोड्यावर होते. डोळ्याच्या कोपऱ्यातून तो माझा उचललेला हात पाहत होता. हात खाली आला की फैर सुटणार होती.

हात खाली आला नाही. का आला नाही, याच्या तीन हकिकती आज बेळगावपासून निपाणीपर्यंत सांगितल्या जातात. त्यांतल्या दोन खोट्या आहेत. तो कॅप्टन आता निवृत्त कर्नल आहे. मी गोठलो होतो आणि माणसे त्याने ओळखली, असे तो सत्कारसमारंभांतून सांगतो. गावकरी म्हणतात, देवाने माझा हात धरला. मी मेजर जनरल होऊन निवृत्त झालो. सबंध नोकरीत देवाने माझ्या कामात ढवळाढवळ केल्याचे मला स्मरत नाही. तिसरी हकिकत माझी आहे, आणि मी तिथे होतो.

मी तेव्हा मेजर, सीमेवरच्या एका डोंगरी ठाण्याचा कंपनी कमांडर. जवान बहुतेक आपल्याच भागातले. त्या दिवशी सकाळी हवालदार परशरामची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, पूर्वेच्या डोंगरधारेने बाहेर पडली होती आणि त्याच धारेने परतायची होती. दुपारी धुके उतरले. रेडिओ मुका झाला. आणि पश्चिमेच्या नाल्यातून माणसे वर येताना दिसली. शत्रू पूर्वी एकदा त्याच नाल्याने आला होता.

"भरमा, आपली माणसं?"

"न्हाय वाटत, साहेब. आपली हिकडनं कशाला येतील? आन त्या वळणावर बघा, एकेक जण वाकाय लागलाय."

हाक मारून ओळख विचारायची, तर अंतर फार होते आणि ठाण्याची जागा उघडी पडली असती. गोळी घालावी, तर ती आपली माणसे असू शकत होती. न घालावी, तर ठाण्यातले सगळे जिवाला मुकले असते. निर्णय एकट्याचा होता. अशा वेळी समिती नेमता येत नाही.

संशय घेणे हा माझा धंदा होता. परंतु माझा संशय एकाच दिशेला पाहत नसे. वर येणाऱ्यांइतकाच मला कॅप्टनच्या रिपोर्टचाही संशय आला. तो नुकताच बदलून आलेला, शहरात वाढलेला. आमच्या पेट्रोलबरोबर एकदाही गेला नव्हता. मी डाव्या हाताने दुर्बीण डोळ्यांना लावली.

माइन, म्हणजे भूसुरुंग, पेरणारा माणूस खाली बसतो, खड्डा करतो, वेळ घेतो. ही माणसे नुसती वाकून पुढे जात होती. आणि वाकण्याआधी प्रत्येक जण डोक्यावरची टोपी काढत होता.

आमच्या जवानांची एक रीत होती. गावाकडे शिवेवरच्या देवाला वाटसरू दगड वाहतो; यांनी पूर्वेच्या वाटेवर तशीच एक रास उभारली होती. ठाण्यात परतताना प्रत्येकाने एक दगड ठेवायचा. खरे तर पायताण काढायला हवे. पण लष्करी बुटांच्या नाड्या सोडण्यात संध्याकाळ होते, म्हणून देवाशी टोपीवर तडजोड झाली होती. रास पूर्वेला होती, म्हणून भरमाच्याही ध्यानात आले नाही.

"फायर नाही," मी म्हणालो. "आपलीच आहेत."

"सर, शंभर टक्के?"

"नाही. बोट घोड्यावर राहू दे."

थोड्या वेळाने धुक्यातून पहिले डोके वर आले. परशराम होता. धारेवरची वाट कोसळली होती आणि रेडिओ ओढ्यात पडला होता.

"आन तिथं दगड कशाला रं ठेवलास?" मी विचारले.

"शिव वलांडताना ठेवाय लागतोय न्हवं, साहेब? वाट बदलली म्हणून देव बदलतोय व्हय?"

रेडिओबद्दल मी त्याला भरपूर झापले. फैरीबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि कॅप्टन व भरमालाही तोंड बंद ठेवण्याचा हुकूम दिला. आपण आपल्याच बंदुकीसमोरून चालत आलो, हे कळलेला जवान पुढच्या पेट्रोलला निर्धास्तपणे निघत नाही.

गेल्या महिन्यात निपाणीजवळच्या एका गावात माजी सैनिकांचा सत्कार झाला. कर्नलने आपली हकिकत रंगवून सांगितली. मी उठलो आणि माइक हाती घेतला. भरमा असता तर प्रश्नच नव्हता. पण तो मागेच गुंजी गावी वारला. व्यासपीठावर परशराम हार घालून बसला होता.

"परशराम, सगळ्यांसमोर सांग. त्या दिवशी फैर कुणी थांबवली?"

त्याने गळ्यातला हार सारखा केला.

"कसली फैर, साहेब? आमी तर खाली हुतो. दगूड ठिवला आन वर आलो. रेडिओ पाडला म्हणून तुमी लई शिव्या दिलासा, तेवढं ध्यानात हाय."

मंडप हसला. टाळी पहिल्यांदा कर्नलने वाजवली. परशरामला त्याने आधीच पढवले असावे, असा मला संशय आहे. समारंभाआधी चहाच्या वेळी दोघे एकाच बाकावर होते.

तरीही एक गोष्ट नव्या अधिकाऱ्यांना सांगून ठेवतो. ज्याचा जीव वाचवला, त्याला कधी साक्षीला बोलावू नये. तो त्या वेळी खाली असतो.