निम्म्यावर थांबलेला माग

परशरामची बातमी मला पुण्याहून कळली. त्याचं घर वडगावात, माझं खासबागेत, चालत गेलं तर चहा निवायच्या आत पोचावं एवढंच अंतर. पण शेजाऱ्यांनी आधी त्याच्या मुलीला फोन केला, आणि सुजाताने मला. "काका, आप्पा गेले... सकाळी उठलेच नाहीत." चपला घालून मी लगेच निघालो, त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि तिथूनच मागे वळलो. पुन्हा गेलो, पुन्हा वळलो. आत जायला धीर होईना. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण अजूनही मला घरात एका जागी बसवत नाही.

आम्ही एका वर्गातले. मी बँकेत चिकटलो, तो वडिलांच्या मागावर बसला. सगळं आयुष्य पॉवरलूमच्या खडखडाटात गेल्यामुळे तो उघड्या माळावरही ओरडूनच बोलायचा. शेतात भांगलणाऱ्या बायका माना वर करून बघायच्या, भांडण लागलं की काय म्हणून! बायको गेल्यापासून रविवारी माग बंद असला की घर त्याला खायला उठायचं, तेव्हापासून आमचं चालणं सुरू झालं. वडगावातून येळ्ळूर, पुढे राजहंसगड आणि देसूरवरून परत. दिवस त्यात जायचा. गडाच्या निम्म्या वाटेवर, येळ्ळूरच्या अलीकडे, एक चिंच आहे. तिथे तो थांबायचा, चपलेतला खडा झटकायचा आणि विचारायचा, "फुडं जायचं, का माघारी?" इतक्या वर्षांत आम्ही एकदाही माघारी फिरलो नव्हतो. तरी मी "फुडं" म्हटल्याशिवाय त्याचं पाऊल उचलायचं नाही.

सुजाता त्याला पुण्याला बोलावून थकली होती. त्याच्यासाठी तिने खोलीही तयार ठेवली होती. हा दरवेळी सांगायचा, मागावर लुगडं आहे, ते उतरलं की येतो. आता, मागावरचे उभे धागे संपत आले की विणकर नव्या धाग्यांचा रूळ, म्हणजे बीम, चढवतो आणि जुन्या टोकांना नवी टोकं पिळून जोडतो, एकेक करून, दिवसभर बसून. एकदा जोडलं की पुन्हा लुगड्यामागून लुगडं. म्हणजे माग कधी रिकामा व्हायचाच नाही. तुझं लुगडं द्रौपदीचं आहे, असं मी त्याला चिडवायचो. मनातून मात्र मला ते बरंच वाटायचं.

आमच्या शेवटच्या रविवारी भातं कापून झाली होती आणि शेतांत मसूर हिरवा दिसायला लागला होता. त्या दिवशी तो ओरडत नव्हता. कधी माझ्या बराच पुढे जायचा, कधी मागे रेंगाळायचा. चिंचेखाली थांबला आणि इतक्या हळू बोलला, की मला कान पुढे करावा लागला.

"ह्या खेपंला जोडणार न्हाय मी. लेक लई दिस वाट बघतीया. माग मोकळा करतो आणि जातो."

"जा की," मी म्हणालो. "कोण आडवलंय तुला?"

म्हणालो खरा, पण गडावर भाकरी मी उभ्याउभ्याच खाल्ली. तो समजूत घालत राहिला, तू येत जा, पुण्याला बी डोंगर हाईत... मी नुसतं बघू, बघू करत राहिलो. आज चिंचेखाली त्याने नेहमीचं विचारलंच नाही, हे मला देसूरच्या रस्त्याला लागल्यावर सुचलं.

दिवसकार्य झाल्यावर सुजाताने मला मागाच्या खोलीत सोबत नेलं. माग विकत घेणारा माणूस दुपारी यायचा होता. शेवटचं लुगडं उतरवून, घडी घालून ठेवलेलं होतं. आणि मागावर नवा बीम चढवलेला! निम्मे धागे जोडलेले, उरलेले तसेच लोंबत होते. बोटं सरकू नयेत म्हणून घ्यायची राखेची वाटी शेजारीच होती.

विणकराची पोर ती, तिला काही सांगावं लागलं नाही. "म्हणजे आप्पा येणार नव्हते, काका?"

तो इथेच राहणार होता या विचाराने मला आनंद झाला. खरंच झाला. पण तिच्या तोंडाकडे बघून तो तिथल्या तिथे गिळला. मग पुन्हा त्या धाग्यांकडे बघितलं. जोडायला बसला की पुरं केल्याशिवाय न उठणारा माणूस हा. पहिल्या धाग्यापासून निम्म्यापर्यंत आला, आणि उठला.

"ठरलं नव्हतं गं त्याचं," मी म्हणालो. "निम्म्यावर आला की विचारायची सवय त्याला. त्या दिशी जवळ कोण नव्हतं."

मग तिने माग घेणाऱ्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. रविवारी मी जातो, कुलूप काढतो, धूळ झटकतो. धाग्यांना हात लावत नाही. मग तसाच येळ्ळूरच्या वाटेला लागतो. चिंचेपर्यंत पोचतो, थांबतो, चप्पल झटकतो... विचारणारं कोणी नसतं, म्हणून बराच वेळ तिथेच उभा राहतो.