क्रम्बलवरचा ओला हात

टेबलावर ठेवलेला पदार्थ सुरीने कापला जात नव्हता. खाली शिजलेली सफरचंदे होती, वर फरशी. हा अ‍ॅपल क्रम्बल आहे, असे वैशालीचे म्हणणे होते.

"सर, तुमी सांगतलं तसंच केलं."

"मी फरशी शिकवलेली नाही."

तिने सुरी बाजूला ठेवली.

माझी सारी नोकरी हॉटेलच्या बेकरी सेक्शनमध्ये झाली. निवृत्तीनंतर बुलढाण्याला घरगुती बेकिंगचे क्लास घेतो. वैशाली माझी धाड गावची विद्यार्थिनी. वाढदिवसाचे केक करते. बाजाराच्या दिवशी धाडला रुग्ण तपासायला येणाऱ्या डॉक्टर मॅडम काही वर्षे इंग्लंडमध्ये राहिलेल्या आहेत. मुलाच्या साखरपुड्याला त्यांना हा तिकडचा पदार्थ हवा होता. संध्याकाळी ओपीडी संपली की त्या सॅम्पल चाखायला येणार होत्या. सॅम्पल पसंत पडले नाही तर ऑर्डर संभाजीनगरच्या बेकरीला जाणार होती. केकखेरीज वैशालीकडे कोणी प्रथमच काही मागितले होते. तिचा क्रम्बल दोनदा फसला, तेव्हा तिने मला बोलावून घेतले. ही फरशी तिसरी.

क्रम्बल अवघड नाही. मैदा, साखर आणि थंड बटर बोटांच्या टोकांनी चोळायचे. जाड रव्यासारखा चुरा होतो. तो फळांच्या फोडींवर सैल पसरायचा आणि भाजायचा. पाणी घालायचे नाही, मळायचे नाही, दाबायचे नाही. मैद्याला पाणी लागून तो दाबला गेला, की त्यात चिवट धागे धरतात. पोळीला ते हवेत. क्रम्बलला नकोत.

मी क्रमाने तपासणी केली. बटर फ्रीजमधले होते. ओटीजी, म्हणजे टेबलावर ठेवायची विजेची भट्टी, बरोबर तापत होती. थर्मामीटर मी सोबत नेला होता. सफरचंदे गोडसर होती, पण लिंबू पिळल्यावर तो दोष उरत नाही. तिला माझ्यासमोर पुन्हा करायला लावले. चुरा उत्तम झाला. ट्रेमध्ये तिने तो हलक्या हाताने पसरला.

"आता?"

"आता ओटीजी तापेलोक मी मागं भांडे घासते."

"आणि ट्रे आत कोण ठेवते?"

"सासूबाई. तेवढीच मदत."

हा प्रश्न मी आल्याआल्या विचारायला हवा होता. तिला भांड्यांकडे पाठवले आणि वर्तमानपत्र उघडून बसलो.

तिच्या सासूबाई, शेवंताबाई, आल्या. त्यांनी ट्रेकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. माझे लक्ष नाही अशी खात्री केली. तांब्यात हात बुडवून चुऱ्यावर पाणी शिंपडले आणि ओल्या तळव्याने तो थापू लागल्या. हात सफाईदार होता. भाकरी असती तर मी दाद दिली असती.

"शेवंताबाई, हे काय चालले आहे?"

त्या दचकल्या नाहीत. "काय म्हंजे? पोरगी पीठ असंच इस्कटून ठुते. डाक्टरीनबाईसमोर असं ठुवाचं का? मी आपली जरा सावरून घेते."

"दर वेळी सावरता?"

"मंग. सून हाय माही. तिचं उनं दिसू द्याचं नाई."

मागच्या दारात वैशाली हातातल्या पातेल्यासह उभी होती. "आत्याबाई," ती एवढेच म्हणाली.

"काऊन? काय झालं?"

त्यांना ट्रेपासून दूर ठेवणे शक्य नव्हते. स्वयंपाकघर त्यांचे होते. मग मी हॉटेलात अशा माणसांचे जे करत असे तेच केले. त्यांना सुपरवायझर नेमले.

"शेवंताबाई, चुरा पुन्हा होईल. याला थेंबभर पाणी लागता कामा नये. कोणाचा हातही नाही. जबाबदारी तुमची."

"असं म्हना ना मंग, मास्तर." त्या पाट घेऊन ट्रेजवळ बसल्या. वैशालीला स्वतःच्याच ट्रेपाशी हात पुसून यावे लागले.

या वेळी क्रम्बल जसा हवा तसा आला. वर सोनेरी, भुरभुरीत. कडेने फळांचा रस उकळून वर आलेला.

डॉक्टर मॅडम आल्या. बशी पुढे ठेवली. हा पदार्थ कोमट कस्टर्डबरोबर खातात; वैशालीने ते जगमध्ये तयार ठेवले होते. मॅडमनी जग उचलला, आणि शेवंताबाईंचा तळवा बशीवर आडवा आला.

"थेंब नाई लागू द्याचा. मास्तरनं सांगतलं."

वैशालीचा चेहरा उतरला. मॅडमनी माझ्याकडे पाहिले.

"कस्टर्ड चालते," मी म्हणालो.

"पातळ हाय ना? मंग पानीच." तळवा हलला नाही. "तुमीच जबाबदारी देली, आता तुमीच फिरता?"

मॅडमनी जग खाली ठेवला, वाटी मागवली आणि कस्टर्ड तिच्यात ओतले. मग चमचाभर क्रम्बल, चमचाभर कस्टर्ड, असे सावकाश खाल्ले. बशी रिकामी केली.

"शेवटपर्यंत कुरकुरीत राहिला," त्या म्हणाल्या. "तिकडे तर कस्टर्ड ओतले की मऊ पडायचा. साखरपुड्याला हाच करा, वैशाली. कस्टर्ड वाटीत वेगळे. आणि वाढायला तुमच्या सासूबाईंना आणा."

"मी नाई वाढत," शेवंताबाई म्हणाल्या. "मी ध्यान ठुते."

ऑर्डर पार पडली. कोणाच्याही क्रम्बलवर थेंब पडला नाही, असे कळले. काही पाहुण्यांनी कस्टर्ड वर ओतून मागितले आणि त्यांना नकार मिळाला, असेही कळले.

क्लासमध्ये मी आता साहित्य आणि कृती सांगण्याआधी घरात कोण कोण असते ते विचारतो. आणि जबाबदारी देतो तेव्हा ती कुठे संपते, तेही सांगून ठेवतो.