नंदिगड्ड्यातला बिनमातीचा चारा

आमच्या दूध डेअरीत दूध कमी आणि किस्सेच जास्त जमा होतात. मी सेक्रेटरी, त्यामुळे दोन्ही मीच मोजतो. हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय ट्रेमध्ये उगवायच्या चाऱ्याचं युनिट आल्यापासून तर दुधाकडे बघायलाही सवड नाही.

त्याचं असं झालं, वाघांसाठी रान राखीव, म्हणून गुरं चारायला बंदी. गंगाक्काची एकच गाय, तांबू. सुक्या पेंढ्यावर ती आटत चालली होती. हिरवं मिळालं नाही तर तांबूला विकायचं, असं लेकानं ठरवलेलं. गंगाक्काचं जेवणावरचं मन उडालं होतं. तेवढ्यात युनिट आलं!

*

उद्घाटनाला युनिट देणाऱ्या खात्याचे साहेब आले. कोरड्या प्रदेशात कमी पाण्यात चारा कसा पिकवायचा, यावर तासभर बोलले. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की माईकही हरला. शेवटी त्यांनी शंका विचारायला सांगितलं.

गंगाक्का म्हणाली, "साहेब, पाणी कमी करायचं मशीन हाय काय?"

*

आठवड्यात ट्रेमधल्या मक्यावर पांढरी बुरशी. मी साहेबांना फोन लावला. शेडमध्ये कोरडी हवा खेळती ठेवा, म्हणाले. आमच्या जोयडा तालुक्यात ती मिळत नाही, बेळगावाहून मागवू का, असं मी विचारलं.

साहेब म्हणाले, "प्रपोजल पाठवा."

*

एक ट्रे मात्र झकास उगवला. खाली मुळांची गादी, वर हिरवेगार कोंब. साहेबांनी स्वतःच्या हातानं तो तांबूपुढे ठेवला. तिनं हुंगला, दोनदा चाटला आणि त्यावर ऐसपैस बसली. ओल्या गोठ्यात तेवढीच मऊ जागा!

साहेब म्हणाले, "ॲडजस्ट होतेय."

*

पुढचे ट्रे गंगाक्का घरी घेऊन गेली. भात लावणारी बाई ती. बोटभर रोप दिसलं की हात शिवशिवतात. तिनं गाद्या सोडवून एकेक रोप घरामागच्या परड्यात रांगेनं लावलं. साहेबांनी डोक्याला हात लावला. बिनमातीचा चारा मातीत का घातला, म्हणून ओरडले.

गंगाक्का शांतपणे म्हणाली, "कोवळं रोप कोण कापतंय? लावायचंच असतंय ते."

*

मका कमरेएवढा झाला. तांबूला उद्यापासून घालायचा, असं ठरलं. सकाळी बघतात तर रानातले गवे येऊन सगळा फस्त करून गेलेले. कुंपण आडवं. लेकानं गिऱ्हाईक बोलावलं. गंगाक्का पायरीवर बसून रडली. मलाही फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

या गडबडीत तांबू दावं तोडून त्याच कुंपणातून रानात गेली. संध्याकाळी परतली ती पोट टम्म फुगवून. कासही भरलेली. लेकानं गिऱ्हाईक आल्या पावली परत पाठवलं.

मागोमाग फॉरेस्टचा गार्ड हजर. गाय रानात चरायला कशी सोडली, म्हणून दरडावू लागला.

गंगाक्कानं धार काढता काढता मान वर केली. "तुमचे गवे आमच्या परड्यात पोटभर जेवून गेले. मग हिला एकदा त्यांच्याकडं जेवायला बोलवाय नको व्हय?"