वाचनालयातलं नाटक

दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत आमच्याकडे मोठ्या मंडपात नाटकं होतात. हजार माणसं बसतात, भोंग्यातून आवाज येतो. मला मात्र सिंदेवाहीच्या वाचनालयातली नाटकं आवडतात. सतरंजीवर आपण बसायचं आणि हातभर अंतरावर नट. त्याच्या कपाळावरचा घाम दिसतो. तो पुटपुटला तरी कळतं.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी मी वहिनीला तिथे घेऊन गेले. मोहफुलं वेचायला गेलेल्या माझ्या भावाला वाघाने नेलं, तेव्हापासून ती घराबाहेर पडतच नव्हती. तेवढंच तिचं मन रमेल, असं वाटलं. नाटक कशावर आहे ते मी विचारलंच नव्हतं.

पडदा नव्हता. एक बाई केर काढत होती आणि मधूनमधून जंगलाच्या वाटेकडे बघत होती. नवरा सकाळीच गेला होता, अजून परतला नव्हता. पुढचं माझ्या लक्षात आलं. मी वहिनीच्या कानाशी लागून म्हटलं, उठू या. तिने मानेनेच नको म्हटलं. उठलो असतो तर नटीच्या अंगावरूनच जावं लागलं असतं.

नटी आमच्याकडे वळली. आम्ही जणू तिच्या गावची माणसं, अशा आवाजात तिने विचारलं, "सांगा ना कोनी, कुठी हायेत ते?"

"घरी जाय माय," वहिनी म्हणाली. "आता ते येत नाई."

नटीचा चेहरा उतरला. पुढचं वाक्य ती विसरली की तिला बोलवेना, मला कळलं नाही. ती सतरंजीवर वहिनीला खेटून बसली. बाकीच्या नटांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि नाटक तसंच पुढे नेलं. शेवटपर्यंत ती तिथेच होती.

परतताना बसमध्ये मी वहिनीची माफी मागायला लागले. तिने मला थांबवलं.

"मले त्या दिवशी कोनी असं सांगतलंच नाई," ती म्हणाली. "सारे म्हनत होते, भेटन, भेटन. मी संध्याकाळवर भात झाकून बसली."

तिने हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता त्याच मंडळींचा, त्याच नाटकाचा प्रयोग नागभीडला आहे. ती म्हणते, मले ने. मी अजून हो म्हटलेलं नाही.