हलक्या हाताचा माणूस

लालबागच्या त्या चाळीत कुशाबाला सगळे काठीवाला म्हणत. नवख्याला वाटायचं, हा कुणी लाठी फिरवणारा पैलवान असेल. प्रत्यक्षात कुशाबा म्हणजे फुंकर मारली तर उडेल असा माणूस, आणि त्याच्या काठीचा शेंडा करंगळीहून बारीक. बाप साताऱ्याकडे सुपं-टोपल्या विणायचा. पोरानं तोच बांबू मुंबईत साहेब लोकांच्या हातात दिला. फोर्टातल्या एका गोऱ्या दुकानदाराकडे तो मासे धरायच्या काठ्या करायला शिकला, आणि सत्तेचाळीस साली दुकानदार बोटीत बसून गेल्यावर चाळीच्या जिन्याखालच्या खोलीत स्वतःचं दुकान मांडून बसला.

बांबू निवडण्यातच त्याचा महिना जाई. कांब वाळवायची, कोळशाच्या धगीवर फिरवत राहायची, मग चिरून तिच्या सहा पट्ट्या काढायच्या. प्रत्येक पट्टी रंध्यानं तासायची, बुडाशी जाड आणि शेंड्याकडे गवताच्या काडीएवढी. सहाही पट्ट्या सरसानं जोडून, रेशमाच्या दोऱ्यानं बांधून वॉर्निशचे हात दिले की काठी तयार. या काठीच्या गळाला गांडूळ लावायचं नाही. कोंबड्याच्या पिसांची खोटी माशी दोऱ्याच्या टोकाला बांधायची आणि पवईच्या तलावावर अशी टेकवायची की माशाला ती खरीच वाटावी.

शेजारचा दत्ताराम, गिरणीत माग चालवणारा आणि मूळचा मालवणकडचा, हे ऐकून पोट धरून हसायचा.

‘पिसां दाखवून मासो फसवतत, आणि धरलेलो परत सोडतत? अरे कुशाबा, तुझे साहेब खुळे की काय रे? मगे जेवतत काय, पिसां?’

कुशाबाही हसायचा. बायको गेल्यापासून त्याचं संध्याकाळचं ताट दत्तारामाची बायको सुंदराबाई झाकून पाठवत असे. त्या घराचा मीठभाकरीचा ऋणी होता तो, आणि जीवही त्याच घरात होता.

काठीला मूठ बसवण्याआधी कुशाबा गिऱ्हाइकाला शाडूचा ओला गोळा धरायला लावी. गणपतीच्या कारखान्यातून तो मूठ-मूठ माती मागून आणायचा. कोणतं बोट किती रुतलं ते बघून बुचाची मूठ कोरायची, इतकंच त्या मातीचं काम. पण वीस वर्षं हात बघून बघून कुशाबाला वाटायला लागलं की आपल्याला माणूसच कळतो. अंगठा रुतवणारा तापट, करंगळी आवळणारा चिक्कू. दोन-चार अंदाज खरे निघाले. चाळीतले लोक सोयरीक ठरवण्याआधी मुलाला त्याच्याकडे घेऊन यायला लागले, आणि गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला. चढवणारे पुष्कळ होते, उतरवणारं कुणी नव्हतं.

पंचावन्नच्या डिसेंबरात एक पोलीस अधिकारी काठी करायला सांगायला आला. साध्या कपड्यांत होता, पण जीप नाक्यावर उभी, त्यामुळे अर्ध्या चाळीला कळलंच. महिन्यापूर्वीच फाउंटनला मोर्चावर गोळी चालली होती आणि खाकी रंग दिसला की लोकांच्या कपाळावर आठ्या पडत. साहेबानं शाडूचा गोळा घेतला, क्षणभर धरला आणि परत दिला. मातीवर बोटं उमटली होती, रुतली नव्हती. असा हात कुशाबानं जन्मात पाहिला नव्हता.

‘ह्या हातानं मुंगी मरायची न्हाई,’ तो दत्तारामाला म्हणाला.

‘तो पोलीस आसा रे,’ दत्ताराम म्हणाला. त्या दिवशी तो हसला नाही.

पंधरा जानेवारीला, रविवारी, साहेब काठीची परीक्षा घ्यायला आला. चाळीच्या चौकात उभा राहून त्यानं दोरा मागं नेला, थांबला, पुढं सोडला. दंड जागचा हलला नाही, काम सगळं मनगटाचं. दोऱ्याचं टोक वीस पावलांवरच्या तुळशीवर जाऊन टेकलं आणि मंजिरीसुद्धा हलली नाही. कुशाबाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या काठीला शोभणारा हात त्याला पहिल्यांदा भेटला होता.

‘मागच्या बाजूला वाट आहे का हो?’ दोरा गुंडाळता गुंडाळता साहेबानं पुणेरी स्वच्छ मराठीत विचारलं.

‘हाय की. संडासाच्या मागनं बोळ हाय, थेट मागल्या रस्त्यावर निघतो. नवख्याला दिसायचा न्हाई.’

‘आणि गच्चीवर जायला?’

‘ह्यो एकच जिना, साहेब. कुलूपबिलूप काय न्हाई.’

कुशाबा हात बघत होता. साहेब चाळ बघत होता.

‘वॉर्निशचा शेवटचा हात ऱ्हायलाय,’ कुशाबा म्हणाला.

‘सावकाश द्या. या आठवड्यात मला पवईला जायला जमणार नाही.’

हे वाक्य कुणाही शहाण्या माणसानं कानात साठवलं असतं. कुशाबाच्या ते कानावरून गेलं.

दुसऱ्या दिवशी रेडिओवरून जाहीर झालं की मुंबई महाराष्ट्राला न मिळता केंद्राच्या ताब्यात राहणार. मग लालबागला झोप उरली नाही. गिरण्यांचे भोंगे वाजायचे आणि कुणी आत जायचं नाही. ट्रामच्या रुळांवर दगड रचलेले, दुकानांच्या फळ्या लावलेल्या, आणि हवेत अश्रुधुराचा असा वास की बायका पोरांच्या डोळ्यांवर ओला पदर धरून बसलेल्या. कुठे कोण पडलं याच्या बातम्या परळकडून येत, गिरगावातून येत, आणि प्रत्येक बातमीत आकडा वाढलेला असे.

बुधवारी सकाळी चाळीतले लोक चौकात जमले. मोर्चा निघायचा होता. पुढं कोणी राहायचं यावर चर्चा चालली होती, कारण पुढच्यांनाच आधी लागणार हे न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं. दत्ताराम कुशाबाकडे वळला.

‘काय रे, तुझो साहेब काय म्हणता? गोळी घालतले?’

सगळ्या माना वळल्या. ‘मला ठाऊक न्हाई’ असं म्हणायला काही पैसे पडत नव्हते. पण एवढी चाळ आपल्या तोंडाकडे बघते आहे हे कुशाबाला गोड लागलं, खोटं कशाला बोला.

‘लाठी चालंल, धूर सोडतील. गोळी न्हाई चालायची,’ तो म्हणाला. ‘माझा शब्द.’

‘साहेब बोलला?’ मागून कुणीतरी विचारलं.

कुशाबा नुसता हसला. ना हो म्हणाला, ना नाही. लोकांना जे हवं होतं ते त्यांनी त्या हसण्यातून घेतलं. दत्ताराम घरी जाऊन टोपी घालून आला आणि झेंडा घेऊन पहिल्या ओळीत उभा राहिला.

कुशाबा गॅलरीतून बघत होता. नाक्यावर पोलिसांची रांग होती आणि जीपजवळ साहेब उभा होता, टोपी नीट, चेहरा शांत. घोषणा झाल्या, दोन-चार दगड गेले, धूर सुटला. लोक बिचकले आणि रोजच्या सवयीनं मागच्या बोळाकडे धावले. बोळातून पोलीस बाहेर आले. नवख्याला न दिसणाऱ्या बोळातून.  कुशाबानं ओरडायला तोंड उघडलं, पण त्या गदारोळात त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला नाही.

साहेबानं हात वर केला. दंड जागचा हलला नाही. मनगट जेवढं हलवायचं तेवढंच हललं, अगदी हलकं.

मग गोळ्या सुटल्या. दत्ताराम बोळाच्या तोंडाशी पडला. तो हुकूम साहेबाचाच होता की दुसऱ्या कुणाचा, हे पुढे कधीच कळलं नाही. कुशाबाला मात्र आता विचारायचं काही उरलं नव्हतं. हात त्यानं बरोबर ओळखला होता. त्या हाताला राग नव्हता, आणि राग नसला की माणूस मारत नाही हे कुशाबानं आपल्या मनानंच ठरवून टाकलं होतं.

आठवड्यानं एक शिपाई काठी न्यायला आला. कुशाबानं ती कापडात गुंडाळून दिली. नाही म्हणायची छाती त्याला झाली नाही, आणि याची लाज त्याला जन्मभर पुरली.

चाळीत त्याला कुणी बोल लावला नाही. लोक म्हणत, साहेबानं शब्द दिला आणि फिरवला, पोलिसाची जातच ती, यात कुशाबाचा काय दोष. प्रत्येकजण असं म्हणे आणि कुशाबा मान खाली घालून ऐके. तेराव्यानंतर सुंदराबाईनं त्याचं ताट झाकून पुन्हा पाठवलं. त्यानं त्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला. ती तांदूळ निवडत होती.

‘वहिनी,’ तो म्हणाला, ‘साहेब मला काय बोलला नव्हता. मी नुसता त्याचा हात बघितला, आन् त्यावरनं बोललो. ती मागची वाटबी मीच त्याला सांगितली.’

सुंदराबाईचा हात सुपात थांबला. 

‘त्या दिशी मी ह्या दारात आडवी उभी रवलंय,’ ती म्हणाली. ‘म्हटलंय, जाव नकात. ते म्हणाले, कुशाबान साहेबाक विचारल्यान हा, गोळी नाय. मगे मी बाजूक झालंय.’

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

‘तुमका खरी खबर होती, पोलिसांनी दगो दिलो, असा म्हणान मी इतके दिस काढलंय, भावजी. आता काय म्हणान काढू?’

त्यानं माफी मागायला तोंड उघडलं. तिनं सूप खाली ठेवलं, उठली आणि दार लावून घेतलं. दिवसाढवळ्या लावलेलं दार कुशाबानं त्या चाळीत पहिल्यांदाच पाहिलं.